चाल तीच, गळा दुसरा

दिवाळीचा पाडवा होता. सोयाबीन केव्हाच निघून गेलेलं, कापसाची वेचणी सणापुरती थांबलेली, आणि परभणीहून पूर्णेकडे निघाल्यावर लागणारं आमचं पहिलंच स्टेशन दुपारच्या उन्हात सुस्त पडलेलं. बहुतेक एक्स्प्रेस पिंगळीकडे न बघताच निघून जातात. गाडी गेली की थोडी धूळ उठते, मग पुन्हा सगळं जागच्या जागी. अशा वेळी ओसरीवर बसून फराळ करावा आणि कुणाच्या तरी मोबाइलवर काय वाजतंय ते ऐकावं, एवढंच काम उरतं.

मोबाइल भाच्याचा होता. तो पुण्यात नोकरीला आहे आणि विलायतेतल्या बँडांचा नादिष्ट आहे. हा नाद त्याला कॉलेजात लागला. त्याच्या दोस्तांचा एक घोळका आहे. कुणाचा पहिला अल्बम भारी, कुणी कुणाचं गाणं परत गाऊन खराब केलं, कुणाचं परत गायलेलं मूळच्याहून सरस झालं, यावर ही पोरं रात्ररात्र भांडतात. मला त्यातलं कळतं थोडं आणि ऐकावंसं वाटतं पुष्कळ. तर त्या दुपारी त्यानं एक इंग्रजी गाणं लावलं होतं. गिटारचे दोन-तीन सूर पुन्हा पुन्हा फिरत होते आणि गाणारा अगदी घाई नसल्यासारखा गात होता. शेजारचे आप्पा आमच्याकडे फराळाला आलेले. भजनी मंडळात पेटी त्यांच्याकडे असते. ते चकली मोडता मोडता थांबले.

"आशा म्हन्ला की तो."

"हो आप्पा. आशा भोसले."

"आपल्या?"

"आपल्याच."

आप्पांनी चकली ताटलीत ठेवली आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं. कपाळाला आठी घालून, पेटीचा भाता सोडून बसावं तसं. संपल्यावर म्हणाले, "मंग त्या कुठं गायल्या?"

गायल्याच नव्हत्या. त्या गाण्यात आशाताईंचं नाव आहे, आवाज नाही. ते गाणं म्हणजे 'ब्रिमफुल ऑफ आशा'. बँडचं नाव कॉर्नरशॉप, गाव लेस्टर, गाणारा आणि लिहिणारा तजिंदर सिंग. विलायतेत कोपऱ्या-कोपऱ्यावरची किराणा दुकानं आपल्याकडून गेलेली माणसं चालवतात, हा तिकडच्या लोकांच्या डोक्यातला पक्का ठसा. त्याचीच थट्टा म्हणून या पोरांनी बँडचं नाव तसं ठेवलं. १९९७ च्या त्यांच्या अल्बमात हे गाणं आलं. पडद्यावर दुसरीच बाई ओठ हलवते आणि आवाज मागून येतो, या आपल्या सिनेमाच्या रीतीवरचं ते गाणं आहे. त्यात लता आहे, रफी आहे, पंचेचाळीसच्या गतीनं फिरणाऱ्या छोट्या तबकड्या आहेत, ऑल इंडिया रेडिओ आहे, आणि चक्क टू-इन-वनही आहे.

या शेवटच्या नावापाशी मी जरा थबकलो. टू-इन-वन आमच्याही घरात होता. वर रेडिओ, खाली कॅसेट, दर्शनी जाळीला एका बाजूनं पोचा आलेला. आकाशवाणीचं परभणी केंद्र त्यावर अगदी स्वच्छ लागायचं. जवळच असल्यामुळं इतकं मोठ्यानं लागायचं की शेजारची केंद्रं त्याच्याखाली दबून जायची. लेस्टरमधल्या पंजाबी घरातही तसलंच धूड कपाटावर असणार आणि त्यातून हीच गाणी येत असणार, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. विलायत म्हणजे सगळं वेगळं, अशी आपली समजूत असते. त्यातून आम्ही पडलो 'जगात जर्मनी, भारतात परभणी'वाले, आमची तुलना थेट जर्मनीशी.

भाच्याला मात्र टू-इन-वनचं काही नव्हतं. त्याचा मुद्दा निराळाच. हे गाणं पहिल्यांदा आलं तेव्हा तिकडच्या यादीत जेमतेम साठाव्या नंबरावर जाऊन थांबलं. मग नॉर्मन कुक नावाच्या माणसानं ते घेतलं, गती वाढवली, सूर चढवला, ठोका जाड केला, आणि १९९८ च्या फेब्रुवारीत तेच गाणं पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. आता त्याच्या घोळक्यात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, मूळचं तेच खरं, कुकनं त्याचं लग्नातलं गाणं केलं. दुसरा म्हणतो, कुक नसता तर तुम्हाला मूळचं माहीत तरी झालं असतं का? भाचा पहिल्या तटातला. त्यानं आप्पांना दोन्ही ऐकवली आणि निकाल मागितला.

आप्पांनी दुसरं ऐकताना मांडीवर बोटं वाजवली. "ह्यानं पट्टी चढवली की रे," म्हणाले. मग थोडा विचार करून, "पहिलं बसून ऐकायचं. हे उभ्यानं. बसायचं भजन येगळं आन् दिंडीतलं येगळं. त्यात भांडन कामून?"

भाच्याला हा निकाल पटला नाही. भांडणच मिटवणारा निकाल कुठल्याही खऱ्या शौकिनाला पटत नाही.

या नॉर्मन कुकचीही एक गंमत आहे. पुढं हा डीजे म्हणून गाजला, पण त्याआधी तो हल शहरातल्या हाउसमार्टिन्स या बँडात बेस गिटार वाजवायचा. आणि त्या बँडाचं जे गाणं १९८६ च्या डिसेंबरात पहिल्या नंबरावर गेलं, ते त्यांचं नव्हतंच. 'कॅराव्हॅन ऑफ लव्ह' हे अमेरिकेतल्या आयली-जॅस्पर-आयली या तिघांचं, वर्षभरापूर्वीचं गाणं. हाउसमार्टिन्सनी सगळी वाद्यं खाली ठेवली आणि नुसत्या गळ्यांवर ते म्हटलं. नाताळच्या आठवड्यात त्यांना वरच्या जागेवरून कुणी खाली ओढलं, तर जॅकी विल्सनच्या १९५७ सालच्या एका गाण्यानं, जे त्या वर्षी पुन्हा बाजारात आणलं होतं. म्हणजे दुसऱ्याचं गाणं गाऊन वर चढले आणि मेलेल्या माणसाच्या जुन्या गाण्यानं उतरले. हे ऐकल्यावर मला वाटलं, बाबा रे, हे तर आपल्याच गल्लीतलं प्रकरण.

कारण आमच्या गावात गाणं परत गाण्याची रीत जुनी आहे, आणि ती दोन परींची आहे. या दोन परी मी कधी वेगळ्या करून पाहिल्या नव्हत्या. भाच्याच्या कटकटीनं त्या डोळ्यांसमोर आल्या.

पहिली परी भजनाची. इथं शब्द पक्के, चाल मोकळी. जनाबाई इथल्याच गंगाखेडची, नामदेव नरसीचे. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत तीही परभणी जिल्ह्यातच होती. त्यांचे अभंग सहा-सातशे वर्षं लोक म्हणत आलेत. जनाबाईनं दळताना कोणत्या सुरात म्हटलं असेल, याचं कुठं रेकॉर्डिंग नाही. त्यामुळं जो म्हणेल त्याची चाल. सप्ताहात रोज वेगळ्या गावचं मंडळ येतं आणि तोच अभंग वेगळ्या चालीत येतो. ऐकणारे मंडपातून उठता उठता तुलना सुरू करतात. अमक्यांनी चाल बरी उचलली, तमक्यांनी सिनेमाची आणली, त्यांच्या मृदंगवाल्याला दम नाही. भाचा आणि त्याचे दोस्त जे करतात तेच हे, फक्त पायांत चपला शोधत शोधत.

या मोकळ्या चालीचाही कधी कधी दगड होऊन बसतो. 'तीर्थ विठ्ठल' हा नामदेवांचा अभंग घ्या. राम फाटक पुण्याच्या आकाशवाणीत होते. त्यांनी त्याला चाल लावली, भीमसेन जोशींनी तो गायला आणि तो घराघरांत गेला. आज आमच्या भागातल्या मंडळांतले बहुतेक जण तो त्याच चालीत उचलतात. एखाद्या जुन्या विणेकऱ्यानं त्याच शब्दांना वारकरी वळण दिलं तर पोरं एकमेकांकडे बघतात, म्हातारा चुकला की काय म्हणून. शब्द नरसीचे, गळा गदगचा, चाल पुण्याची, आणि ती परत नरसीच्या मुलखात येऊन मूळची म्हणून बसली. आप्पांना याचा राग आहे का, असं मी विचारलं. म्हणाले, "राग कशाचा? चाल चांगलीच हाय. पन आदीची कुनाला येत न्हाई आता, ते वाईट."

दुसरी परी बरोबर उलटी. चाल पक्की आणि शब्द नवे. ही जयंतीच्या गाण्यांची, भीमगीतांची, कलापथकांची परी. सिनेमाचं गाणं गाजतंय ना, मग त्याच चालीवर आपलं गाणं बांधायचं. ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ असते, त्यामुळं कान थेट शब्दांकडे जातो आणि जे सांगायचं ते पहिल्याच फेरीत पोचतं. चाल उसनी घेण्यामागं आळस नसतो, हिशेब असतो. ज्याच्याकडे स्टुडिओ नाही, वाजवणाऱ्यांना द्यायला पैसे नाहीत, त्यानं साऱ्या देशानं पाठ केलेली चाल का सोडावी? वामनदादा कर्डकांसारखा माणूस गावोगाव हिंडून गात होता तेव्हा त्याच्यामागं कंपनी नव्हती, लोक होते. आणि लोकांच्या तोंडात जी चाल असेल ती त्यांचीच म्हणायची.

कॉर्नरशॉपनं ही दुसरी परीही केलीय, हे भाच्यानं नंतर सांगितलं. त्याच १९९७ च्या अल्बमात शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वूड' आहे, पण पंजाबीत. बीटल्सनी १९६५ मध्ये ते गाणं केलं तेव्हा जॉर्ज हॅरिसननं त्यात सतार वाजवली होती. आपली सतार तिकडं गेली, आणि तीस-बत्तीस वर्षांनी तिच्या मागोमाग आपल्याकडची भाषाही त्याच गाण्यात जाऊन बसली. आमच्याकडच्या पुस्तिकेत हे गाणं छापलं असतं तर वर बारीक अक्षरांत 'चाल : नॉर्वेजियन वूड' असं लिहिलं असतं आणि पुढं जयंतीला कुणीतरी ते ठणकावून म्हटलं असतं.

विलायतेतली कव्हरची रीत मात्र या दोन्हींहून तिसरी. तिथं शब्दही तेच, चालही बहुधा तीच. मग बदलतं काय? गळा, वाद्यं, गती आणि वय. एवढ्यावर ही पोरं रात्र काढतात. मला आधी हे फार थोडं वाटायचं. पण बाकीचं सगळं जागच्या जागी ठेवलं की जे एक बदललं ते किती मोठं दिसतं! भजनात शब्द धरून चाल तोलायची, भीमगीतात चाल धरून शब्द, आणि यांच्याकडे दोन्ही धरून नुसता माणूस तोलायचा. माणूस तोलायचा म्हटल्यावर भांडण पेटणारच.

आमच्याकडे ही तिसरी परी आली ती कॅसेटबरोबर. एचएमव्हीच्या कॅसेटा महाग होत्या आणि खेड्यात सहजी मिळत नव्हत्या. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातल्या गुलशन कुमारनं टी-सीरीजच्या स्वस्त कॅसेटा काढल्या आणि जुनी गाणी नव्या गळ्यांत गाऊन घेतली. कायद्यात तशी वाट होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मूळ रेकॉर्ड येऊन दोन वर्षं झाली की नोटीस देऊन आणि मानधन भरून त्याच गाण्याची दुसरी आवृत्ती काढता यायची. २०१२ च्या दुरुस्तीनं ही मुदत पाच वर्षं झाली, पण तोवर कॅसेटाच संपल्या होत्या. कुमार सानूनं किशोरची गाणी गायली, सोनू निगमनं 'रफी की यादें' म्हणून रफीची. दोघंही पुढं आपापल्या नावानं मोठे झाले. विलायतेतली पोरं पबात दुसऱ्यांची गाणी वाजवून हात बसवतात, तसंच हे. फरक इतकाच की यांची ती तालीम कॅसेटवर छापली गेली आणि बैलगाडीतून शिवारापर्यंत पोचली.

परभणीत स्टेशनाकडून बाजाराकडे जाताना कॅसेट भरून देणारी दुकानं होती. कागदावर गाण्यांची यादी करून न्यायची, साठ मिनिटांची का नव्वदची ते सांगायचं आणि दोन दिवसांनी यायचं. तिथला एक दुकानदार मला अजून दिसतो. नाकावर घसरलेला चष्मा, डाव्या हाताच्या करंगळीचं नख वाढवलेलं, त्या नखानं तो सुटलेली टेप परत आत सरकवायचा. यादीवरून बोट फिरवत तो प्रत्येक गाण्यापाशी थांबायचा आणि विचारायचा, "रफीचं पाहिजे का नव्यातलं?" गिऱ्हाईक बिनदिक्कत 'नव्यातलं' म्हणायचं. त्यात फसवणूक नव्हती. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गळा पुढं आणि वाद्यं कुठंतरी लांब भिंतीपलीकडे. नव्यात ढोलक छातीवर बसायचा. लग्नाच्या मांडवात भोंग्यावर लावायचं म्हटल्यावर ढोलकच जिंकणार. पुण्या-मुंबईचे जाणकार या आवृत्त्यांना नाकं मुरडत, त्यांच्याकडे चांगले स्पीकर होते. आमच्याकडे भोंगे होते. गाणं कशावर वाजणार, हे विचारल्याशिवाय मूळचं भारी की नवं भारी हे ठरवणं मला अजूनही पुरतं न्यायाचं वाटत नाही. नॉर्मन कुकलाही क्लबातले स्पीकर माहीत होते.

पहिल्या अल्बमाचं मात्र मला बराच काळ कोडं होतं. भाच्याच्या मंडळींत असा पक्का समज आहे की बँडाचा पहिला अल्बम तो पहिला, पुढं सगळी उतरण. मँचेस्टरच्या स्टोन रोझेसचा पहिला १९८९ चा. दुसरा यायला पाच वर्षं लागली आणि तोवर जग पुढं निघून गेलं. लिव्हरपूलच्या लाज या बँडाचा तर १९९० चा एकच अल्बम, आणि तोही त्यांच्या गायकाला स्वतःला आवडला नव्हता. ओअॅसिसचा पहिला १९९४ चा. मग शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीजचा २००६ च्या जानेवारीतला, पहिल्या आठवड्यातच साडेतीन लाखांवर खपलेला. आमच्याकडे लोक कोणत्या साली दुष्काळ पडला ते जसं सांगतात, तशी भाचा ही सालं सांगतो.

पण मंकीजची गोष्ट सांगताना तोच एक बोलून गेला. ही पोरं सुरुवातीला आपल्या कार्यक्रमात गाण्यांच्या सीड्या घरीच भरून फुकट वाटायची. ऐकणाऱ्यांनी त्या एकमेकांना दिल्या, इंटरनेटवर टाकल्या. अल्बम आला तेव्हा गाणी लोकांना आधीच पाठ होती. त्यातले काही जण लगेच म्हणायला लागले, सीडीतलं कच्चंच बरं होतं, अल्बमात फार घासूनपुसून केलंय. म्हणजे पहिल्याच्याही आधी एक पहिलं निघालं. आप्पांच्या आदीच्या चालीसारखंच. आणि भरून दिलेल्या सीड्या म्हणजे आमच्या त्या नखवाल्याचंच काम.

आपल्या सिनेमातल्या गायकाला असा पहिला अल्बम नसतोच. आशाताईंचं पहिलं सिनेमागीत मराठी, 'माझं बाळ' या १९४३ च्या चित्रपटातलं. वय दहा. वडील मास्टर दीनानाथ वर्षभरापूर्वी गेलेले, घर चालवायचं होतं. ते गाणं कुणी 'पदार्पण' म्हणून कपाटात जपून ठेवलं नाही, ते दुसऱ्याच्या सिनेमात, दुसऱ्याच्या चेहऱ्यामागं गेलं. पुढं याच आशाताईंनी वडिलांची नाट्यपदं पुन्हा गायली, आणि नव्वदच्या दशकात राहुलदेव बर्मनची, म्हणजे नवऱ्याची, आपण स्वतःच गायलेली गाणी नव्या साजात पुन्हा गायली. स्वतःचंच कव्हर. यातलं मूळ कुठलं, हे भाच्याच्या घोळक्यानं सांगावं.

पहिल्याचा अभिमान आमच्याकडे खरा दिसतो तो कॅसेटवाल्या गायकांच्या बाबतीत. आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्यानं जो धुमाकूळ घातला तो आठवणारे लोक आजही म्हणतात, तसा आवाज पुन्हा लागला नाही. त्यांच्यापुढं लगेच दुसरा म्हणतो, अरे बापाचा ऐक. बाप म्हणजे प्रल्हाद शिंदे. चौदा एप्रिलला त्यांच्या आवाजात भीमगीतं आणि आषाढीला त्याच भोंग्यातून त्याच आवाजात विठ्ठल. पिंगळीतच काय, महाराष्ट्रात भोंगा असलेलं एकही गाव त्या गळ्याशिवाय राहिलं नसेल. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ साली गेले. आता नातू आदर्श आजोबांची गाणी मंचावर म्हणतो, आणि पानटपरीवर तीन पिढ्यांची तुलना चालते. प्रल्हादांचा खालचा सूर, आनंदचा उठाव, आदर्शची तयारी. "आजा गायचा तवा माइकच नव्हता चांगला, तरी लांबून वळखू यायचा," असं एकानं सांगितलं होतं. याहून नेमकी समीक्षा मी मासिकात कमी वाचलीय.

आणि मासिकांत दुसरी एक आजा-नातवाची जोडी भरभरून वाचलीय. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात वसंतराव देशपांडे खाँसाहेब होते. २०१५ च्या सिनेमात त्याच खाँसाहेबांसाठी नातू राहुल देशपांडे गायले. त्या वर्षी आजोबांची तान आणि नातवाची तान यांवर किती मजकूर छापून आला! मला तो आवडला, मी कात्रणंही ठेवली. पण तशाच बारकाईनं प्रल्हाद आणि आदर्श यांच्यावर लिहिलेलं माझ्या फारसं पाहण्यात नाही. ते सगळं पानटपरीवर, एसटीत, मांडवाच्या मागं बोललं जातं आणि तिथंच विरतं. विलायतेतली मजूर वस्त्यांतली पोरं गिटार घेऊन उभी राहिली तेव्हा त्यांच्यावर लिहायला तिकडे साप्ताहिकं होती, नावं ठेवायला आणि डोक्यावर घ्यायला. त्यामुळं १९९२ मध्ये कॉर्नरशॉपच्या पोरांनी मॉरिसी या गायकावर रागावून ईएमआय कंपनीच्या दारात त्याची चित्रं जाळली, तेही लिहून राहिलंय. आमच्याकडचे रुसवेफुगवे तेवढेच तिखट होते. त्यांना शाई मिळाली नाही, इतकंच.

शाई मिळाली ती फक्त पुस्तिकांना. पूर्णेला धम्मपरिषद भरते, परभणीत जयंती असते, तिथं पालांत पुस्तकांच्या शेजारी या पुस्तिका असतात. बत्तीस-चौसष्ट पानं, पातळ पिवळसर कागद, पिना गंजलेल्या. प्रत्येक गीताच्या डोक्यावर 'चाल :' आणि पुढं सिनेमाच्या गाण्याचे दोन-तीन शब्द. भाच्याला दाखवायला मी घरातली एक जुनी पुस्तिका काढली. त्यातली निम्मी गाणी आप्पांना येत होती, मला थोडी, भाच्याला एकही नाही. एका गीतावर चाल म्हणून जे शब्द छापले होते ते कोणत्या सिनेमाचे, हे आम्हा तिघांनाही सांगता येईना. भाच्यानं मोबाइलवर शोधलं. छापताना त्या शब्दांत काना-मात्रा सांडल्या होत्या, त्यामुळं तिथंही काही लागेना.

मग शेजारच्या गल्लीतले एक मामा आले. कलापथकात होते, आता दम लागतो. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, लांब धरली आणि ते गीत सरळ म्हणायला सुरुवात केली. कडवं झालं, धृपद झालं, आवाज फाटका पण चाल स्वच्छ. भाचा म्हणाला, मामा, आता याचं मूळचं गाणं म्हणा. मामा हसले. मग गीताचे शब्द गाळून नुसती चाल गुणगुणायला लागले. आपल्या गीतावरून ते सिनेमाचं गाणं मागं मागं शोधत होते. दोन शब्द सापडले, पुढं 'ला ला' आलं, मग हिरॉइनचं नाव आलं, मग पुन्हा आपलंच कडवं. कव्हरमधून मूळ बाहेर येत होतं, अर्धं-मुर्धं.

"पुढं जरा वर जाती," मामा म्हणाले आणि वर गेले.

"तशी न्हाई," आप्पा म्हणाले. "आमच्याकडं ती खाली यायची."

"तुमच्याकडं कुठं? तुमी भजनवाले. हे आमचं गानं."

"गानं तुमचं, पन चाल सिनेमाची. थेटरात मी बी बसलो होतो."

भाच्यानं मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं. आप्पांनी पोराला पेटी आणायला घरी पिटाळलं, मामा खुर्ची पुढं ओढून बसले, आणि काळी दोनमध्ये म्हणायचं की काळी चारमध्ये यावरच आधी अर्धा तास गेला.